भय्या चौकातलं घर

स्मरणिका समितीने गावाबद्दल लिहायला सांगितलं तेव्हाच एक अट घातली होती. "काका, सोलापूरवर लिहा, पण चादर आणि शेंगाची चटणी सोडून!" अट योग्यच आहे. पंचवीस वर्षांत या दोन्ही गोष्टी तीनही विंगमधल्या प्रत्येक घरात पोचवायचं काम मी आणि सौ.ने इमानेइतबारे केलेलं आहे. तेव्हा त्यावर लिहायचं काही उरलेलं नाही.

पण विषय सुचला तो गणपतीतल्या प्रश्नमंजूषेमुळे. दोन वर्षांपूर्वी मुलांसाठी प्रश्न काढायचं काम माझ्याकडे होतं. त्यात मी एक प्रश्न घातला : "महाराष्ट्रात जन्मलेल्या कोणत्या डॉक्टरांची समाधी चीनमध्ये आहे?" मुलांना उत्तर आलं नाही, ते ठीक. पण मागे खुर्च्यांवर बसलेल्या पालकांनाही आलं नाही. एका आजोबांनी तेवढं "कोटणीस की अमर कहानी" असं सिनेमाचं नाव सांगितलं. पुढे विचारलं, डॉक्टर मूळचे कुठले? तर म्हणाले, "मुंबईचे असतील."

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस सोलापूरचे. १० ऑक्टोबर १९१० रोजी त्यांचा जन्म झाला. रेल्वे स्टेशनपासून फार लांब नाही, भय्या चौकात त्यांचं घर आहे. माझे आजोबा त्या भागात गिरणीत कामाला होते, त्यामुळे लहानपणी त्या घरावरून आमची असंख्य वेळा ये-जा झाली. तेव्हा ते स्मारक वगैरे काही नव्हतं. आजोबा चालता चालता हात करून सांगायचे, "चीनला गेलेल्या डॉक्टरचं घर." एवढंच. आणि आजी बरोबर असली की ती हमखास विचारायची, "गेला तो परत का नाही आला? घरच्यांचं काय झालं असेल?" आजोबांकडे याचं उत्तर नसायचं. खरं सांगायचं तर पुढे मी जे काही वाचलं, ते आजीच्या त्या प्रश्नासाठीच वाचलं असं मला वाटतं.

आधी त्या काळचं सोलापूर समजून घ्यायला हवं. गिरण्यांचं गाव. पहाटे भोंगा झाला की रस्ते माणसांनी भरायचे. एकाच गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू. वाण्याकडे एका भाषेत, शेजारी दुसऱ्या भाषेत आणि घरात तिसऱ्या भाषेत बोलणारी माणसं अजूनही आमच्याकडे सर्रास आहेत. परकी भाषा ही सोलापूरच्या पोराला भीती वाटण्याची गोष्टच नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

दुसरं म्हणजे मे १९३०. मिठाच्या सत्याग्रहाच्या त्या दिवसांत गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. सरकारने गावावर लष्करी कायदा लावला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्यात फाशी दिलं गेलं. सोलापूरच्या चार हुतात्मा चौकाचं नाव यांच्यावरून आहे. द्वारकानाथ तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा होता. (डॉक्टरांना "अहो-जाहो" केलं पाहिजे हे मान्य आहे, पण तेवढ्या वयाच्या गावच्या मुलाला अहो म्हणायला माझी लेखणी धजत नाही. डॉक्टर झाल्यावर म्हणू.) ज्याचं गाव असं होरपळलं, त्याला दुसऱ्या देशावर झालेल्या आक्रमणाची बातमी वाचून काय वाटलं असेल, याचा अंदाज आपण करू शकतो.

शिक्षण मुंबईला, शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात. घर मध्यमवर्गीय, भावंडं बरीच. अशा घरात मुलगा डॉक्टर झाला की सगळ्या घराचे डोळे कुठे लागलेले असतात ते वेगळं सांगायला नको. आपल्या सोसायटीतही अशी घरं आहेत. डॉक्टरांना पुढे शिकायचं होतं, सर्जन व्हायचं होतं. आणि नेमका १९३८ साली तो अर्ज आला.

झालं होतं असं. जुलै १९३७ पासून जपानने चीनवर पूर्ण ताकदीनिशी आक्रमण सुरू केलं होतं. चीनच्या आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. त्यांनी देशाला आवाहन केलं. पारतंत्र्यातला देश, स्वतःचंच धड नाही. तरी लोकांनी वर्गणी दिली, औषधं गोळा झाली, एक अँब्युलन्स मिळाली आणि पाच डॉक्टर निवडले गेले. प्रमुख डॉ. मदन मोहनलाल अटल; हे त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. नागपूरचे डॉ. चोळकर, जे वयाने पथकात सर्वांत मोठे. कलकत्त्याचे डॉ. देबेश मुखर्जी आणि डॉ. बिजॉय बसू. आणि पाचवे आमचे सोलापूरकर, वय वर्षं सत्तावीस.

त्या वेळी आपल्याकडच्या घरांना चीन म्हणजे काय माहीत होतं? दारोदार रेशमी कापड विकणारे चिनी फेरीवाले यायचे, तेवढंच. १ सप्टेंबर १९३८ रोजी "राजपुताना" नावाच्या बोटीने मुंबईहून पथक निघालं. बोली एका वर्षाची होती. हे "एक वर्ष" वाचकांनी लक्षात ठेवावं. डॉक्टर काही कायमचे म्हणून गेलेले नव्हते. घरी त्यांनी वर्षभराचाच निरोप घेतला असणार.

महिनाही झाला नाही तोच पथकाला युद्ध काय असतं ते दिसलं. कँटनला ते उतरले सप्टेंबरच्या मध्यात, आणि ऑक्टोबर संपायच्या आत कँटनही पडलं आणि हँकौही. जपानी फौजा पुढे सरकत होत्या आणि जखमींना घेऊन दवाखाने मागे सरकत होते. मजल दरमजल करत पथक चुंगकिंगला पोचलं. तिथे पाचही जणांनी चिनी नावं घेतली, प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी "हुआ" हे अक्षर. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचे झाले "के दीहुआ". आजही चीनमध्ये ते याच नावाने ओळखले जातात.

आणि चुंगकिंगलाच घरची बातमी आली. वडील गेले.

इथे मी वाचता वाचता नेहमी थांबतो. आजीच्या प्रश्नाचं खरं ठिकाण हेच आहे. सहकाऱ्यांनी सांगितलं, तुम्ही परत जा, कोणी नावं ठेवणार नाही. ठेवलीही नसती. आपल्याकडे वडील गेल्यावर मुलाने घरी परतायचं, याला कारण विचारत नाहीत. डॉक्टर परतले नाहीत. पथक येनानकडे निघालं तेव्हा तेही बरोबर निघाले आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये तिथे पोचले.

हे बरोबर केलं का? शाळेत आम्हाला शिकवलं असतं तर गुरुजी "थोर त्याग" म्हणून पुढच्या धड्याला गेले असते. मला तसं सहज पुढे जाता येत नाही. त्यागाची किंमत डॉक्टरांनी एकट्याने दिली नाही, भय्या चौकातल्या घरानेही दिली. मागे राहिलेल्यांनी घर सांभाळलं म्हणून तिकडे डॉक्टर जखमी सांभाळू शकले. स्मारक एका माणसाचं असतं, पण ते घर आहे हे मला म्हणूनच फार योग्य वाटतं. चौकातल्या नुसत्या पुतळ्यात घरचे दिसले नसते.

वर्ष संपलं. चोळकर आणि मुखर्जी प्रकृतीमुळे आधीच परतले होते, नंतर अटलही परतले. बसू आणि कोटणीस राहिले. पुढे बसूंचं काम येनानला आणि कोटणीसांचं आघाडीवर, अशी दोघांचीही ताटातूट झाली. म्हणजे १९४० नंतर त्या डोंगरांमध्ये मराठी तर सोडाच, हिंदुस्थानी बोलायलाही डॉक्टरांना जवळ कोणी नव्हतं.

तो भाग होता उत्तर चीनमधला, शान्सी आणि होपेइ प्रांतांच्या सीमेवरचा डोंगराळ मुलूख. शहरं आणि रेल्वे जपान्यांच्या ताब्यात, खेडी आणि डोंगर चिनी गनिमी सैन्याकडे. शिवाजी महाराजांचा इतिहास माहीत असणाऱ्यांना हे चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल. नाकेबंदीमुळे औषधं येत नाहीत, भुलीचं औषध अपुरं, बँडेज धुऊन उकळून पुन्हा वापरायचं, हाड मोडलं तर बांबूच्या कामट्या बांधायच्या. दवाखाना म्हणजे गावकऱ्यांची घरं. शत्रू जवळ आला की जखमींना उचलून पुढच्या गावात न्यायचं.

याच भागात त्यांच्याआधी कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला कापलं, जखमेत विष भिनलं आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते गेले. जखमी माणूस डॉक्टरपर्यंत पोचायची वाट बघू नका, डॉक्टरने जखमीपर्यंत जावं, असा बेथून यांचा आग्रह होता. कोटणीसांनी तोच रिवाज पुढे चालवला. १९४० च्या मोठ्या चढाईच्या वेळी त्यांनी सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्या असं सांगतात. जानेवारी १९४१ मध्ये बेथून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. तीस वर्षांचा माणूस!

पण मला शस्त्रक्रियांपेक्षा दुसऱ्या एका गोष्टीचं जास्त कौतुक आहे. ते तिथे शिकवत होते. बेथून यांच्याच नावाच्या वैद्यकीय शाळेत, खेड्यापाड्यांतून आलेल्या पोरांना शल्यचिकित्सा शिकवायची, आणि तीही चिनी भाषेत. दुभाष्या घेऊन नाही. डॉक्टर चिनी बोलायला शिकले, एवढंच नाही तर लिहायलाही शिकले. ज्यांनी ती अक्षरं बघितली आहेत त्यांना कळेल हे काय काम आहे. (माझ्या नातवाने मोबाईलवर आठ दिवस प्रयत्न करून सोडून दिलं.) सर्जरीचं एक पाठ्यपुस्तक त्यांनी तिथल्या विद्यार्थ्यांसाठी तयार केलं आणि दुसरं लिहायला घेतलं. एक सर्जन दिवसात किती माणसं वाचवील? पण त्याने पन्नास जणांना हात कसा धरायचा ते शिकवलं, तर हिशेब बदलतो. हे त्यांना नीट कळलेलं होतं. आणि गल्लीत चार भाषा ऐकत वाढल्याचा उपयोग झाला असणार, असा एक सोलापूरकर म्हणून माझा दावा आहे. पुरावा मागू नये.

त्याच शाळेत गुओ छिंगलान नावाची तरुणी नर्सिंग शिकवत असे. हा परदेशी डॉक्टर आपल्या भाषेत बोलतो याचं तिला नवल वाटलं, असं तिने पुढे सांगितलं आहे. नोव्हेंबर १९४१ मध्ये दोघांचं लग्न झालं. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचं नाव सेनापती न्ये रुंगचेन यांनी ठेवलं : यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

या सगळ्यात डॉक्टरांना अपस्माराचे, म्हणजे फेफऱ्याचे झटके येऊ लागले होते. अपुरी झोप, निकृष्ट अन्न, डोंगरातली थंडी. उपचारासाठी बाहेर जा, असं वरिष्ठांनी सुचवलं. ते गेले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ च्या पहाटे झटक्यामागून झटके येऊन त्यांचा अंत झाला. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा. दुसरं पुस्तक अर्धवट.

आता सिनेमाविषयी, कारण बहुतेकांच्या डोक्यात सिनेमातलेच डॉक्टर असतात. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली "डॉ. कोटनीस की अमर कहानी" काढला. डॉक्टरांची भूमिका स्वतः केली, पत्नीची जयश्रीबाईंनी, संगीत वसंत देसाईंचं. (डॉक्टरांच्या वडिलांचं नावही शांताराम होतं, हा आपला एक योगायोग.) हा सिनेमा निघाला नसता तर डॉक्टरांचं नाव देशभर झालं नसतं, हे उपकार मानलेच पाहिजेत. पण सिनेमात ते प्लेगवर उपाय शोधतात आणि प्लेगनेच आजारी पडतात. प्रत्यक्षात असं काही झालं नाही. त्यांनी जगाला माहीत नसलेलं औषध शोधलं नाही. माहीत असलेलं काम, औषधं नसताना, रोज, नीट केलं आणि दुसऱ्यांना शिकवलं. पडद्यावर हे दाखवायला अवघड आहे, म्हणून प्लेग आला असावा. माझ्या आजीला मात्र सिनेमा खरा वाटायचा. फेफऱ्याने माणूस गेला हे तिला कधी पटलं नाही.

चीनने डॉक्टरांना विसरलं नाही. त्यांची समाधी आता शिजियाझुआंग शहरातल्या हुतात्म्यांच्या दफनभूमीत आहे, डॉ. बेथून यांचीही तिथेच. आपल्याकडे सर्वपित्रीला पूर्वजांची आठवण काढतात, तसा त्यांचा छिंगमिंगचा दिवस असतो, तेव्हा लोक फुलं वाहतात. त्या शहरात के दीहुआ यांच्या नावाची वैद्यकीय शाळा आहे आणि तिथली मुलं त्यांच्या पुतळ्यासमोर शपथ घेतात. १९८२ साली चीनने त्यांच्यावर टपाल तिकिटं काढली. आपल्या टपाल खात्याचं तिकीट आलं १९९३ साली. चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबाला आवर्जून भेटत. मुलगा यिनहुआ मात्र डॉक्टरीचं शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये, पंचविशी गाठायच्या आत गेला. म्हणजे त्या बाईंनी नवरा आणि मुलगा दोघंही गमावले. तरी त्या अनेकदा भारतात येत राहिल्या, सासरचं माणूस म्हणून.

आणि आम्ही सोलापूरकरांनी काय केलं? बरीच वर्षं, फारसं काही नाही. त्यालाही कारण आहे. १९६२ चं युद्ध झालं आणि चीन हा शब्दच घरात कडू झाला. माझ्या शाळेतल्या दिवसांत जवानांसाठी लोकरीचे मोजे विणले जात होते, तिथे चीनच्या सैन्यासाठी जीव देणाऱ्याचं नाव कोण काढणार? आजोबांचा हात त्या घराकडे जायचा आणि आवाज थोडा खाली यायचा, हे मला नंतर उमगलं. डॉक्टर गेले तो चीन वेगळा होता, चढाई झालेला, मदत मागणारा. पण एवढा बारीक फरक युद्धाच्या दिवसांत कोणी करत नाही. पुढेही सीमेवर काही झालं की हा प्रश्न परत येतो. सोसायटीच्या ग्रुपवरसुद्धा मी एकदा डॉक्टरांच्या जयंतीला दोन ओळी टाकल्या, तर "आत्ता कशाला?" असा निरोप आलाच. निरोप पाठवणाऱ्यांवर राग नाही, त्यांचा मुलगा सैन्यात आहे. मी फोन केला, अर्धा तास बोललो. शेवटी ते म्हणाले, "जखमी माणूस कुठला आहे हे डॉक्टरने विचारायचं नसतं, ते मला मान्य आहे. पण मला त्रास होतो." मलाही हे मान्य आहे.

२०१२ साली, डॉक्टरांच्या मृत्यूला सत्तर वर्षं होताना, सोलापूर महानगरपालिकेने भय्या चौकातल्या घराचं स्मारक केलं. त्याच वर्षी जूनमध्ये छिंगलानबाई चीनमध्ये वारल्या, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी.

स्मारक झाल्यावर मी मुद्दाम गेलो. गर्दी नव्हती. भिंतीवरच्या फोटोंपुढून सावकाश फिरलो. सैनिकी वेषातले डॉक्टर, बाजूला पत्नी. चेहरा आपल्यातल्याच कुणाचा तरी. बाहेर रिक्षावाल्यांचा आवाज नेहमीसारखाच चालू होता. मी उंबऱ्याशी थोडा वेळ उभा राहिलो. लहानपणापासून हे घर मी रस्त्यावरून बघितलं होतं, आत पाऊल पहिल्यांदाच टाकत होतो. याच घरात "एका वर्षात येतो" हे ऐकलं गेलं असणार आणि मग पत्रांची वाट बघितली गेली असणार. आजी असती तर तिला घेऊन आलो असतो. तिने भिंतीवरचे फोटो बघितले नसते. स्वयंपाकघर कुठे होतं ते आधी विचारलं असतं.

आता व्यवस्थापन समितीकडे एक अर्ज, स्मरणिकेतूनच करतो. दरवर्षी आपली सहल अक्कलकोट-तुळजापूरला जाते आणि बस सोलापुरात चहाला थांबतेच. यंदा तो चहा भय्या चौकात घेऊ या. स्मारक बघायला अर्धा तास पुरतो. बंद असलं तर किल्लीवाल्याला शोधायची जबाबदारी माझी, आणि मुलांना तो प्रश्न मी परत विचारणार आहे.